नामिबिया: गाइडसोबत जावं की गाडी स्वतः चालवावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नामिबियाला जाऊन आलो म्हटलं की नागपुरात पहिला प्रश्न येतो, "झांबिया ना?" दुसरा येतो, "कुनोतले चित्ते तिथूनच आले, तेच ना?" दुसरा प्रश्न बराचसा बरोबर आहे. 17 सप्टेंबर 2022 ला जे आठ चित्ते कुनोत सोडले, ते याच देशातून आले होते. मी दोनदा गेलो: पहिल्यांदा ग्रुप टूरने, आणि तीन वर्षांनी मित्र-वहिनी व आम्ही दोघे असे चौघे, भाड्याच्या गाडीने. तेव्हापासून अंबाझरीला सकाळी फिरताना आणि लग्नाच्या पंगतीत तेच तेच प्रश्न येऊन राहिले आहेत. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतो.

मुळात तिथे स्वतः गाडी चालवायचा विचार तरी का करावा? परदेशात आपण कुठे चालवतो?

कारण हा देशच त्यासाठी सोयीचा आहे. वाहतूक आपल्यासारखी डावीकडून, स्टिअरिंग उजवीकडे. राजभाषा इंग्रजी, त्यामुळे पाट्या वाचता येतात. आणि गर्दी नाही. क्षेत्रफळ सुमारे सव्वाआठ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीचपटीहून जास्त; आणि 2023 च्या जनगणनेत लोकसंख्या जेमतेम 30 लाख. आपल्या एकट्या नागपूर जिल्ह्यात 2011 सालीच 46 लाखांवर माणसं होती. सीताबर्डीच्या चौकातून रोज संध्याकाळी गाडी काढणाऱ्याला तिथली रहदारी त्रास देत नाही. त्रास देतं ते रहदारी नसणं. ते पुढे येईलच.

गाइडेड टूर म्हणजे एकच प्रकार असतो का?

नाही, आणि इथेच लोकांचा घोटाळा होतो. आपल्याकडून निघणारी ग्रुप टूर: टूर मॅनेजर सोबत, कधी पोळी-भाजीची सोयही. तिथल्या कंपन्यांच्या ठरलेल्या तारखांच्या छोट्या टूर: दहा-बारा जण, वेगवेगळ्या देशांचे, एक मोठी गाडी, ड्रायव्हरच गाइड. तिसरा प्रकार खासगी गाइड आणि त्याची गाडी, फक्त तुमच्यासाठी. हा सगळ्यात सुखाचा आणि सगळ्यात महाग. चौथा प्रकार फारसा कोणाला माहीत नसतो. त्यात पुढे गाइडची गाडी आणि मागे तुमची, दोन्हींत वॉकीटॉकी. चालवायचं तुम्ही, वाट त्याची. तीन-चार कुटुंबं मिळून जाणार असतील तर याची चौकशी जरूर करा.

ताडोब्यात गाइड घेतल्याशिवाय गेटच्या आत सोडत नाहीत. इटोशात, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय उद्यानात, खरंच आपली गाडी घेऊन जाता येतं?

येतं. गेटवर नोंद करायची, शुल्क भरायचं, नकाशा घ्यायचा आणि निघायचं. जिप्सी नाही, गाइड नाही, सकाळ-दुपारची पाळी नाही. सूर्य उगवला की गेट उघडतं, मावळला की बंद. आत वेगमर्यादा ताशी 60. गाडीतून उतरायचं नाही. कुंपण घातलेल्या ठरावीक जागा आहेत, तिथेच. इटोशा साधारण 22 हजार चौरस किलोमीटरचं आहे. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प कोअर-बफर धरून 1,727. म्हणजे तेरा ताडोबे एकाला एक लावून ठेवा. मधोमध पांढरंफेक मिठाचं मैदान, आणि त्याच्या दक्षिण काठाने पाणवठ्यांची माळ.

आपल्या माणसाला हे पहिल्या दिवशी खोटंच वाटतं. मित्राने गेटमधून आत आल्यावर गाडी बाजूला घेतली आणि दहा मिनिटं तो कोणीतरी येऊन हटकण्याची वाट बघत होता. कोणी आलं नाही. शेवटी एक झेब्रा आला.

मग गाइडची गरजच काय?

हा प्रश्न नागपूरकराने तरी विचारू नये. मोहर्लीला आपण सगळे हा धडा शिकलेलो आहोत. सांबराचा कॉल आला, गाइडने हात वर केला, जिप्सी थांबली. आपल्याला तोवर फक्त बांबू दिसत होता. गाइडचं काम रस्ता दाखवणं नाही, नजर देणं आहे.

स्वतः चालवताना नेमकं हेच हरवतं. चौघांत सगळ्यात कमी कोणाला दिसतं? जो चालवतो त्याला. त्याचे डोळे रस्त्यावर, पुढच्या वळणावर, धुळीवर. दुसऱ्या सहलीत नामिबियाच्या वायव्येकडच्या दमारालँड या डोंगराळ भागात अख्खा एक दिवस मी चालवला आणि रात्री फोटो बघताना बायकोला विचारत होतो, हा डोंगर कुठला? ती म्हणाली, "तुमच्या उजव्या हाताला तासभर होता."

त्यामुळे माझा हिशेब असा झाला आहे की कुठे पोहोचायचं यासाठी गाइड नको, काय बघायचं यासाठी हवा. इटोशाच्या पाणवठ्यांवर गाइडशिवाय भागतं, कारण कोरड्या दिवसांत जनावर स्वतःच पाण्यावर येतं. तुम्ही इंजिन बंद करून बसायचं. इटोशाच्या आतच असलेल्या ओकाउकुएयोच्या मुक्कामी तर पाणवठ्यावर रात्री दिवे लावलेले असतात. जेवून, शाल गुंडाळून बाकावर बसलं की काळा गेंडा पाण्यावर आलेला बघायला मिळतो. गाडीही नको. पण दमारालँडच्या कोरड्या नदीपात्रांतले हत्ती तुम्ही स्वतः शोधायला गेलात तर हत्ती सापडणार नाहीत, वाळूत रुतलेली स्वतःची गाडी तेवढी सापडेल.

आम्ही समृद्धीवर 120 ने जातो. तिथले रस्ते काय अवघड असणार?

गंमत म्हणजे नामिबियात डांबरी रस्त्यावर मर्यादा 120 चीच आहे, आणि राजधानी विंडहुकहून उत्तरेला जाणारा बी-1 किंवा समुद्राकडे जाणारा बी-2 तुम्ही आरामात चालवाल. फरक आहे तो सी आणि डी क्रमांकाच्या बहुतेक रस्त्यांवर. ते मुरमाचे. आपल्या पांदण रस्त्यासारखे नव्हेत; रुंद, सरळ, यंत्राने सपाट केलेले. दिसायला इतके छान की पाय आपोआप दाबला जातो. आणि तिथेच घात होतो.

कायद्याने मुरमावर 100 पर्यंत परवानगी आहे. बहुतेक भाड्याच्या कंपन्या करारातच 80 लिहितात, आणि काही गाड्यांत वेग नोंदवणारं यंत्र असतं. तरीही पर्यटकांच्या गाड्या उलटतात, त्या बहुतेक वेळा एकट्याच. समोरून कोणी आलेलं नसतं. वरचा खडीचा थर म्हणजे चाकांखाली गोट्या ठेवल्यासारखं असतं. वळण आलं, किंवा अचानक शहामृग आडवं आलं, माणूस सवयीने जोरात ब्रेक दाबतो आणि स्टिअरिंग फिरवतो. गाडी आडवी घसरते, कडेच्या मातीच्या उंचवट्याला लागते आणि पलटते.

आम्ही जे पाळलं ते सांगतो. मुरमावर 70, फार तर 80. वळणाच्या आधी वेग कमी, वळणात नाही. मुरूम लागला की चाकातली हवा कमी करायची. किती, ते गाडी देणाऱ्याकडूनच लिहून घ्यायचं, कारण गाडी आणि सामानाच्या वजनावर ते बदलतं. डांबर लागलं की पुन्हा भरायची. दिवसाही दिवे लावून ठेवायचे, कारण समोरची गाडी दिसायच्या आधी तिची धूळ दिसते आणि तुमचीही त्याला तशीच. पुढची गाडी ओलांडायची झाली तर त्या धुळीत डोकं खुपसायचं नाही. पाच मिनिटं थांबा, चहा प्या. रस्त्याला आडव्या नाल्या पडलेल्या असतात, टिनाच्या पत्र्यासारख्या. त्यावर गाडी इतकी थरथरते की मागच्या सीटवरचा माणूस बोलताना शेळीसारखा आवाज काढतो.

आणि एक, जे कोणी सांगत नाही: कंटाळा. वाळूच्या डोंगरांच्या गेटाशी असलेल्या सेसरीमहून समुद्रकाठच्या स्वाकोपमुंडला साधारण 350 किलोमीटर. मध्ये सॉलिटेअर नावाचं ठिकाण, म्हणजे पेट्रोल पंप, गंजलेल्या जुन्या गाड्या आणि ॲपल पाय मिळणारी बेकरी. बाकी काही नाही. समृद्धीवर डोळा लागून होणाऱ्या अपघातांची बातमी आपण वाचतो ना, तोच धोका इथेही आहे. म्हणून पहिला प्रश्न हा, की दुसरा ड्रायव्हर आहे का? नसेल तर सेल्फ ड्राइव्हचा विचार सोडा, असं मी स्पष्टच सांगतो. बायको किंवा नवरा "तसं येतं चालवता" म्हणत असेल तर ते येणं धरू नका. नावासकट करारात लिहिलेला, स्वतःच्या लायसन्सचा दुसरा ड्रायव्हर हवा.

रात्री चालवलं तर?

नको. कुडू नावाचं हरीण आपल्या सांबराएवढं असतं आणि उडी मारून थेट काचेवर येतं. रस्त्यावर दिवे नाहीत. अनेक करारांत अंधारात गाडी चालवली तर विमाच लागू होत नाही. जून-जुलैत तिथे सूर्य सकाळी साडेसातच्या सुमारास उगवतो आणि सव्वासहाच्या सुमारास मावळतो. दिवसाचा हिशेब त्यातच बसवा. गूगल सांगेल त्या वेळेत दीडपट मिळवा.

फोर बाय फोर लागतेच का?

विंडहुक, सेसरीम, स्वाकोपमुंड, इटोशा एवढंच करायचं तर कोरड्या दिवसांत साधी उंच गाडीही चालते. वाळूच्या डोंगरांमधल्या सोसुसव्लेईला सेसरीम गेटपासून 60 किलोमीटर डांबरी रस्ता आहे. शेवटच्या चार-पाच किलोमीटरला मात्र भुसभुशीत वाळू. तिथे शटल मिळते. आमच्याकडे फोर बाय फोर होती, तरी मी शटलच घेतली, आणि वाटेत तीन रुतलेल्या फोर बाय फोर बघून स्वतःवर खूश झालो. नागपुरात वाळूवर गाडी चालवायची सवय कोणाला असणार? कन्हानच्या पात्रात फक्त ट्रॅक्टर जातात.

तरी डबल कॅब, म्हणजे सीटच्या दोन रांगांची फोर बाय फोर पिकअप, घ्याच म्हणेन. वाळूसाठी नाही, उंचीसाठी, मजबूत टायरसाठी आणि दोन स्टेपन्यांसाठी.

आपलं लायसन्स चालतं का?

सोबत आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. तो आपल्या आरटीओतूनच मिळतो, परिवहनच्या सारथी पोर्टलवर अर्ज करायचा. एमएच 31, 40 की 49, ज्या कार्यालयाची हद्द असेल तिथे. फी 1,000 रुपये, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. मूळ लायसन्सही खिशात हवं. नुसत्या परवान्याला अर्थ नाही. शहरांच्या वेशीवर पोलिसांची तपासणी असते, तिथे दोन्ही दाखवावं लागलं. गाडी भाड्याने देताना किमान वय आणि लायसन्सची किमान वर्षं कंपनीगणिक बदलतात. घरातला बावीस वर्षांचा पोरगा चालवणार असेल तर आधी विचारा. ड्रायव्हरच्याच नावाचं क्रेडिट कार्ड हवं, डेबिट नव्हे, आणि त्याची मर्यादा अनामत रकमेहून बरीच जास्त हवी.

स्वस्त काय पडतं?

टूरचा भाव माणशी असतो, गाडीचा भाव गाडीला. या एका वाक्यात बरंचसं उत्तर आहे. दोघेच असाल तर फोर बाय फोरचं भाडं, पूर्ण विमा, इंधन आणि मुक्काम मिळून तिथल्या छोट्या ग्रुप टूरच्या जवळपास जाऊन बसतं, आणि वर मेहनत तुमची. चौघे एका गाडीत असाल तर सेल्फ ड्राइव्ह सरळ स्वस्त. छतावर तंबू असलेली गाडी घेऊन कॅम्पमध्ये राहिलात तर आणखी. पाचवा माणूस आला की दुसरी गाडी, आणि हिशेब पुन्हा उलटा.

भारतातून घेतलेल्या परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापला जातो, हे विसरू नका. विवरणपत्र भरताना तो वळता करून घेता येतो, पण तोवर पैसा अडकतो. नामिबियन डॉलर आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड यांची किंमत एकास एक बांधलेली आहे आणि रँड तिथे सर्रास चालतो. उलट चालत नाही, म्हणून उरलेले नामिबियन डॉलर जोहान्सबर्गला नेऊन बसू नका. पंपावर रोख ठेवा. पंपावर माणूसच पेट्रोल भरून देतो, काच पुसतो. त्याला टिप द्यायची रीत आहे.

विम्याचं काय? "फुल इन्शुरन्स" घेतला की झालं ना?

नाही झालं. मूळ विम्यात टायर, पुढची काच, गाडीचा खालचा भाग आणि वाळूच्या माऱ्याने उडालेला रंग बहुतेकदा नसतो, आणि नामिबियात नेमकं हेच होतं. वरचा विमा घेतला तरी एकट्या गाडीचा अपघात, म्हणजे दुसरं वाहन नसताना उलटणं, कित्येकदा वगळलेलं असतं. काउंटरवर विचारायचे प्रश्न तीनच: काच आणि टायर धरलेत का, एकटी गाडी उलटली तर काय, आणि खिशातून जास्तीत जास्त किती जाईल. उत्तर कागदावर बोटाने दाखवायला सांगा. गाडी घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, आणि जॅक काढून एकदा स्टेपनी बदलून बघा. तिथेच, त्यांच्या आवारात. हसले तर हसू द्या.

वाळवंटात गाडी बंद पडली तर?

आमचं पंक्चर झालं. सॉलिटेअरच्या अलीकडे, दुपारी दोन वाजता, एका टोकदार दगडाने टायरची बाजूच फाडली. आवारात सराव केला होता म्हणून वीस मिनिटांत होईल असं वाटलं, पण मुरमात जॅक खचू लागला. त्याखाली ठेवायला फळी हवी, हे कोणी सांगितलं नव्हतं. मोबाइलला रेंज नाही. पाऊण तासात तीन गाड्या गेल्या आणि तिन्ही थांबल्या. तिथे हीच रीत आहे, थांबायचंच. तिसऱ्या गाडीत जवळच्या फार्मवरचा एक म्हातारा होता. त्याने काही न बोलता मागून लाकडाचा ठोकळा काढला, जॅकखाली ठेवला आणि टायर बदलून दिला. पैसे घेईना.

यातून शिकलेलं: दिवसाला माणशी चार-पाच लिटर पाणी गाडीत हवं. प्रत्येक पंपावर टाकी भरायची, अर्धी असली तरी. मुक्कामाला फोन करून निघाल्याची वेळ सांगायची. ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवायचा, आणि विमानतळावरच एमटीसी या मोबाइल कंपनीचं सिम घ्यायचं, गावांपाशी तरी चालतं. काओकोलँडसारख्या दूरच्या भागात एकट्या गाडीने जाऊच नये. आणि गाडी सोडून चालत निघायचं नाही, काही झालं तरी.

ग्रुप टूरमध्ये तुम्हाला काय खटकलं?

सोसुसव्लेईची पहाट. वाळूच्या डोंगरांवर एका बाजूने केशरी ऊन आणि दुसऱ्या बाजूने काळी सावली, हे दृश्य उगवतीनंतर तास-दीड तासच टिकतं. नंतर उजेड सपाट होतो. आमचा मुक्काम गेटबाहेर साठ किलोमीटरवर होता, पॅकेज स्वस्त बसावं म्हणून. त्यात बत्तीस माणसं, चहा-नाश्ता, कोणाचा चष्मा खोलीत राहिला. तिथल्याच डेडव्लेई या कोरड्या तळ्यात पोहोचलो तेव्हा साडेदहा वाजले होते. सहाशे-सातशे वर्षांपूर्वी वाळून उभीच राहिलेली ती काळी झाडं, आणि आम्ही टोप्या सावरत ग्रुप फोटो काढत होतो.

दुसऱ्या वेळी सेसरीमच्या गेटच्या आत मुक्काम घेतला. आत राहणाऱ्यांना सूर्योदयाआधी पुढे सोडतात, बाहेरच्यांना थांबावं लागतं. म्हणून टूर घ्या किंवा गाडी, मुक्काम गेटच्या आत की बाहेर, एवढं एक विचारा. टूरवाल्याने "जवळच आहे" म्हटलं तर किलोमीटर विचारा.

पण न्यायाने सांगायचं तर त्याच टूरमध्ये माझ्या सासूबाई होत्या, वय 71. त्यांना दहा दिवसांत एकदाही कशाची काळजी करावी लागली नाही. बॅग खोलीबाहेर ठेवली की गाडीत जायची, संध्याकाळी भात मिळायचा, गप्पांना समवयस्क बाया होत्या. सेल्फ ड्राइव्हमध्ये त्या तिसऱ्या दिवशी म्हणाल्या असत्या, जावईबापू, मला परत सोडा.

म्हणजे आईबाबांना घेऊन सेल्फ ड्राइव्ह नकोच?

कंबर आणि गुडघे बघून ठरवा. नाल्या पडलेल्या मुरमावर रोज चार-पाच तास म्हणजे पाठीचं काही खरं नाही. ज्येष्ठ सोबत असतील तर खासगी गाइड, किंवा मग फक्त डांबरी वाट: विंडहुक, स्वाकोपमुंड, इटोशा. विंडहुकहून इटोशाचं अँडरसन गेट साधारण 435 किलोमीटर, पूर्ण डांबरी, वाटेत ओचिवारोंगो. त्या गावाबाहेर साधारण 45 किलोमीटरवर चित्त्यांवर काम करणारी चीता कन्झर्व्हेशन फंड ही संस्था आहे, ती बघून पुढे जाता येतं; तेवढी वाट मात्र मुरमाची.

लहान मुलं?

सहा-सातच्या पुढची मुलं तंबूच्या गाडीवर जीव टाकतात. त्याखालच्यांसाठी अंतरं फार.

चोऱ्यामाऱ्या होतात का?

विंडहुकमध्ये सांभाळून. अंधार पडल्यावर पायी फिरू नका, गाडीत बॅग दिसेल अशी ठेवू नका, पार्किंगमध्ये "तुमचं टायर बसलं" म्हणत कोणी आलं तर दार बंद ठेवा. शहराबाहेर गेल्यावर माणसांची भीती मला कधी वाटली नाही. एकट्या बाईने जायचं असेल तर तिथल्या छोट्या ग्रुप टूरची शिफारस करेन. सुरक्षिततेपेक्षा पंक्चर आणि कंटाळा या दोन कारणांसाठी. एकट्या पुरुषालाही हेच उत्तर.

कोणत्या महिन्यात?

जून ते ऑक्टोबर कोरडे दिवस, जनावरं पाणवठ्यांवर. जुलै ते सप्टेंबर गर्दी, इटोशाच्या आतले मुक्काम बरेच महिने आधी भरतात; टूर कंपन्यांचा एक खरा फायदा इथे आहे, त्यांच्याकडे खोल्या राखून असतात. आपल्या शाळांच्या सुट्ट्यांत जायचं तर मे महिना चांगला. हवा छान, वाळूचे डोंगर सुरेख, पण पावसानंतरचं गवत उंच असल्याने इटोशात जनावरं विखुरलेली. दिवाळीत गेलात तर ऊन कडक. अर्थात नागपूरच्या मे महिन्यातून तावून निघालेल्याला ते काय सांगायचं. थंडीचं मात्र ऐका. जून-जुलैत वाळवंटात पहाटे पारा शून्याच्या जवळ जाऊ शकतो. माकडटोपीची लाज बाळगू नका.

व्हिसा, विमान, लस?

व्हिसा लागतो. तो आधी काढायचा की तिथे उतरल्यावर, हे नियम बदलत असतात, म्हणून तिकिटाआधी नामिबियाच्या हाय कमिशनकडून खात्री करा. थेट विमान नाही. नागपूरहून मुंबई किंवा दिल्ली, तिथून अदिस अबाबा किंवा जोहान्सबर्गमार्गे विंडहुक. इथिओपियामार्गे जाणार असाल तर पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र काढून ठेवा, परत येताना भारतातही विचारू शकतात. लस किमान दहा दिवस आधी, अधिकृत केंद्रातच. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. इटोशा आणि त्याच्या उत्तरेला मलेरिया आहे, डॉक्टरांना विचारा.

शेवटी तुम्ही स्वतः काय निवडाल?

दोन्ही, मिसळून. चौघे, एक गाडी, दोन ड्रायव्हर, बारा-तेरा रात्री, फिरण्यासकट अडीच हजार किलोमीटरच्या आसपास. चालवायचं आपणच, पण चार ठिकाणी दिवसापुरता गाइड. दमारालँडमध्ये हत्तींसाठी. ट्वायफेलफोंटेनच्या प्राचीन शिळाचित्रांना, तिथे तसंही गाइडशिवाय सोडत नाहीत. सँडविच हार्बरला, जिथे वाळूचे डोंगर थेट समुद्रात उतरतात आणि भरतीची वेळ चुकली तर गाडी पाण्यात जाते. तिथे स्वतः चालवायचा विचार माझ्या धाडसी मित्रानेही केला नाही. आणि इटोशात मुक्कामाहून निघणारी रात्रीची सफारी, कारण अंधारात आपल्या गाडीला परवानगी नाही. हिंबा लोकांच्या वस्तीला जायचं असेल तर पाचवा, त्यांची भाषा बोलणारा. नाहीतर आपण फक्त फोटो काढणारी माणसं उरतो.

शाकाहारी माणसाचं काय होतं?

जर्मन आणि आफ्रिकानर, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या डच वंशाच्या गोऱ्यांच्या, वळणाचा देश; संध्याकाळी जिकडेतिकडे शेगडीवर मांस, दुपारी बिलटाँग म्हणजे वाळवलेलं मांस. लॉजवर आधी कळवलं तर भाज्या-पास्ता मिळतो, पण तोच, रोज. सेल्फ ड्राइव्हचा सगळ्यात मोठा फायदा मला इथे दिसला. विंडहुकच्या सुपरमार्केटमधून तांदूळ, डाळ, कांदे-बटाटे घेतले, मसाला घरून नेला होता, आणि वहिनींनी सेसरीमच्या कॅम्पवर वरणभात आणि वर लसणाची फोडणी केली. शेजारचं जर्मन जोडपं वासाने येऊन उभं राहिलं. कोरडा फराळ भरपूर न्या. कच्चे पदार्थ आणि बी-बियाणं नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. देशांतर्गतही उत्तरेकडून दक्षिणेला येताना जनावरांच्या रोगांसाठीचं एक लांबच लांब कुंपण आहे, तिथे कच्चं मांस पुढे नेऊ देत नाहीत. मांसाहारी मित्रांनी त्या हिशेबाने खरेदी करावी.

चिवड्याचं एक पाकीट मात्र समोर हाताशी ठेवा. सॉलिटेअरच्या त्या म्हाताऱ्याने पैसे घेतले नाहीत, पण चिवडा घेतला. मूठभर तोंडात टाकून मिरची लागल्यावर एकदा आमच्याकडे बघितलं, आणि लाकडी ठोकळा आमच्या गाडीत टाकून निघून गेला.